एकच रंग, दोन नजरा

शाळेत मी न्यूरॉनची आकृती पाठ केली. ती पेशी सुटी असते यावरून केवढं भांडण झालं, ते मात्र फार उशिरा कळलं.

१८७३ साली इटलीत कॅमिलो गॉल्जीने (‘गॉल्जी संकुल’वाला हाच) मेंदूचे तुकडे आधी पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये, मग सिल्व्हर नायट्रेटमध्ये ठेवले. असंख्य पेशींतल्या मोजक्याच काळ्या झाल्या, म्हणून तर त्यांची फांदी न् फांदी दिसली. गॉल्जीला मात्र त्यात एक सलग जाळंच दिसलं.

१८८८ मध्ये स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहालने तीच पद्धत पक्ष्यांच्या लहान मेंदूवर वापरली. त्याला प्रत्येक पेशी वेगळी दिसली.

१९०६ चं नोबेल दोघांना विभागून मिळालं. गॉल्जीने आपल्या नोबेल व्याख्यानातच काहालच्या बाजूचा सिद्धान्त खोडायला घेतला. मला त्याचा राग येतो, थोडी कीवही.

१९५० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दोन पेशींमधली फट दिसली, जेमतेम २० नॅनोमीटरची. तोवर दोघंही गेले होते.