स्मिथ यांचे हिब्रू

हिब्रू शिकून पुढे काय करावे, या प्रश्नाला एकोणिसाव्या शतकातल्या स्कॉटलंडमध्ये एक सरळ उत्तर होते : चर्चच्या महाविद्यालयात भावी धर्मोपदेशकांना जुना करार शिकवावा. विल्यम रॉबर्टसन स्मिथ यांना ते फार लवकर लाभले. १८७० साली, वयाच्या अवघ्या २३ व्या वर्षी, फ्री चर्चच्या महासभेने त्यांची ॲबर्डीनच्या महाविद्यालयातील हिब्रूच्या अध्यासनावर निवड केली. (त्या वर्षी महासभेचे अध्यक्ष होते मुंबईचे डॉ. जॉन विल्सन; १८३२ साली मराठीतून हिब्रूचे व्याकरण सिद्ध करणारे ते हेच.)

अध्यासन चर्चचे, तेव्हा निष्कर्षही चर्चला मानवतील असेच हवेत, ही त्या पदाची अलिखित अट होती. स्मिथ मात्र जर्मनीत जाऊन बायबलच्या चिकित्सेची नवी पद्धत शिकून आले होते. १८७५ साली एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाच्या नवव्या आवृत्तीत त्यांचा 'बायबल' हा लेख आला. मोशेच्या नावावर असलेला 'अनुवाद' हा ग्रंथ बऱ्याच नंतरच्या काळातला, असे त्यात सुचवले होते. पाखंडाचा खटला वर्षानुवर्षे चालला. १८८० मध्ये समज देऊन त्यांना मोकळे केले गेले. पण थोड्याच दिवसांत कोशाचा पुढचा खंड निघाला आणि त्यात त्यांचाच हिब्रू भाषा व साहित्यावरचा लेख! १८८१ मध्ये अध्यासन गेले.

स्मिथ यांची कथा सहसा हौतात्म्याची म्हणून सांगितली जाते. मला त्यात दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. हिब्रू ही त्यांच्या लेखी केवळ पवित्र ग्रंथाची भाषा नव्हती, सेमिटिक कुळातली एक भाषा होती. म्हणूनच खटला चालू असताना ते कैरो आणि हिजाझमध्ये अरबी बोलायला शिकत होते. नोकरी गेल्यावर तीच विद्या कामी आली. ब्रिटानिकाचे सहसंपादकत्व, १८८३ मध्ये केंब्रिजला अरबीचे पद, १८८६ मध्ये विद्यापीठाचे ग्रंथपालपद. १८८९ च्या सेमिटिक धर्मावरील व्याख्यानग्रंथात त्यांनी यज्ञबलीचा अर्थ देव आणि कुल यांचे सहभोजन असा लावला. फ्रेझर यांनी 'द गोल्डन बाऊ' (१८९०) त्यांनाच अर्पण केला आहे.

१८९४ मध्ये, ४७ व्या वर्षी स्मिथ वारले. एडिंबरोत ज्यांनी त्यांना हिब्रू आणि चिकित्सा दोन्हींची गोडी लावली, ते ए. बी. डेव्हिडसन लिहिताना जपून लिहीत. १९०२ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते आपल्या अध्यासनावर होते.