बोरघाटाचा चढ : दोन बिंदू, एक उतार

आमचे घराणे गायकवाडी अमदानीपासून बडोद्यात स्थायिक असले, तरी लग्नमुंजीच्या निमित्ताने पुण्याला जाणे कधी सुटले नाही. कल्याणला गाडी बदलायची आणि कर्जतची वाट पाहायची, हा लहानपणीचा शिरस्ता. कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिने लागत. वडीलधारी मंडळी बटाटेवड्यांच्या मागे आणि आम्ही मुले इंजिनांच्या मागे. पुढे शाळेत दोन बिंदूंतून जाणाऱ्या रेषेचा उतार काढायला शिकलो, तेव्हा मास्तरांच्या क्ष आणि य या अक्षरांमागे मला हाच घाट दिसू लागला.

हिशेब तसा सोपा आहे. दुसऱ्या बिंदूच्या उंचीतून पहिल्याची उंची वजा करावी, त्याच क्रमाने अंतरांची वजाबाकी करावी आणि पहिल्या बाकीला दुसरीने भागावे. जी. आय. पी. रेल्वेने बांधलेल्या मूळ घाटमार्गाचा पायथा पळसदरीजवळ, मुंबईच्या भरतीरेषेपासून १९६ फूट उंचीवर होता. माथा २,०२७ फुटांवर. वजाबाकी १,८३१ फूट. मार्गाची लांबी १५ मैल ६८ साखळ्या, म्हणजे ८३,६८८ फूट. भागाकार केला की साधारण ४६ फुटांस एक फूट असा चढ येतो. रुळांवरून मोजलेली लांबी म्हणजे आडवे अंतर नव्हे, अशी शंका चोखंदळ वाचक घेतील. ती रास्त आहे. परंतु एवढ्या सौम्य चढात सदतीस फुटांमागे पाव इंचाचाही फरक पडत नाही.

मात्र इंजिनाला ही सरासरी ओढावी लागत नाही. या घाटात काही ठिकाणी ३७ फुटांस एक, बऱ्याच लांबीत ४० फुटांस एक असा चढ होता आणि काही पट्टे जवळजवळ सपाट होते. सरासरीप्रमाणे मैलामागे ११५ फूट चढायचे, तर सर्वांत कठीण जागी सुमारे १४३. इंजिनाची ताकद आणि ब्रेकची भिस्त ठरवायची ती या दुसऱ्या आकड्यावरून.

मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांनी हा मार्ग आखला आणि १८५६ च्या आरंभी काम सुरू झाले. मजुरीच्या तक्रारींवरून १८५९ च्या जानेवारीत मजुरांचा दंगा झाला आणि त्याच वर्षी पहिले कंत्राटदार फेव्हिएल यांनी काम सोडले. त्यांच्या जागी आलेले सॉलोमन ट्रेडवेल मुंबईत पाऊल ठेवल्यापासून काही आठवड्यांतच वारले. तेव्हा त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी कंत्राट आपल्याकडे घेतले आणि दोन अभियंत्यांच्या हाती व्यवस्था सोपवून काम तडीस नेले. त्या काळी ही गोष्ट सामान्य नव्हती. पंचवीस बोगदे खणले गेले. एका हंगामात चाळीस हजारांवर माणसे कामावर होती. पटकी, ताप आणि सुरुंगांनी त्यांतली हजारो गेली. घाट २१ एप्रिल १८६३ रोजी खुला झाला. तो पाहायला बर्कले हयात नव्हते. आदल्या वर्षीच ते वारले होते. त्यांचे नाव निदान ग्रंथांतून उरले. मजुरांची नावे मात्र कोणी लिहून ठेवली नाहीत.

चढ कमी करायचा तर दोन टोकांची उंची बदलता येत नाही. लांबी तेवढी वाढवता येते. डोंगराच्या कडेवर तेवढी वळायला जागा नव्हती, म्हणून खंडाळ्याच्या अलीकडे रिव्हर्सिंग स्टेशन केले. गाडी तेथे थांबे, इंजिन दुसऱ्या टोकाला लागे आणि गाडी उलट दिशेने उरलेला चढ चढे. १९२९ मध्ये नव्या आखणीमुळे ही कसरत संपली.

माझ्या नोकरीत हा धडा मी थोडा उशिराच शिकलो. एका कालव्याच्या सहा किलोमीटरांच्या दोन टोकांमधला फरक दोन मीटर भरला. तीन हजारांस एक उतार, म्हणून मी समाधानाने सही केली. मधल्या पातळ्यांचे कोष्टक फाईलीत होते. ते मी नीट पाहिले नाही. मध्ये अर्धा किलोमीटर तळ जवळपास सपाट होता. दुसऱ्या हंगामापर्यंत तेथे गाळ साचला आणि शेपटाकडच्या शेतकऱ्यांना पाणी मिळेना. ते कचेरीत आले तेव्हा माझा भागाकार अचूकच होता, पण तो त्यांना कसा दाखवणार?

आणखी एक गंमत. सूत्रात कोणताही बिंदू पहिला धरला तरी उत्तर तेच येते, कारण दोन्ही वजाबाक्यांची चिन्हे एकदमच पालटतात. गाडीचालकाला मात्र हे पटणार नाही. पुण्याकडे जाताना त्याला जोर हवा, मुंबईकडे उतरताना ब्रेक. म्हणून उताराच्या बाजूला चढावर नेणारे आडरूळ ठेवले आहेत. उतरणारी गाडी तेथे आधी थांबते, ब्रेक ताब्यात असल्याची खात्री पटते, आणि मगच पुढची वाट मोकळी होते. गाडी आवरली नाही, तर ती त्या आडरुळावर चढून आपोआप मंदावते.