पाच रुपयांचं पाकीट आणि कपाटाची किल्ली



आपल्या आज्या पाळीला पाळी म्हणत नव्हत्या. कावळा शिवला, बाहेर बसली, अडचण आली. शब्द पुष्कळ, पण सरळ नाव एकातही नाही. जुन्या लुगड्याच्या घड्या वापरायच्या, धुवायच्या आणि दुसऱ्या कपड्यांखाली वाळत घालायच्या, म्हणजे ऊन लागायचंच नाही. कापड वाईट नव्हतं हो. स्वच्छ धुऊन कडक उन्हात वाळवलेलं सुती कापड आजही चालतं. त्रास झाला तो लपवण्यानं.

विकतच्या पॅडची गोष्टही लपवण्याचीच आहे. पहिल्या महायुद्धात जखमा बांधायला लाकडाच्या लगद्यापासून कापसासारखी पट्टी बनवत. परिचारिकांनी तीच पाळीत वापरून पाहिली. युद्ध संपल्यावर, १९२० च्या सुमारास, ती अमेरिकेत कोटेक्स या नावानं विकायला आली. पण पुरुष दुकानदाराकडे मागायचं कसं? म्हणून खोकी समोरच मांडली आणि शेजारी पैशाचा डबा ठेवला. बाईनं नाणं टाकायचं, खोकं उचलायचं, तोंडातून शब्द नाही. शंभर वर्षं झाली, आपल्या तालुक्याच्या मेडिकलवाला अजून पॅड कागदात गुंडाळून काळ्या पिशवीत घालतो!

किमतीचं म्हणाल तर सरकारनं हळूहळू हात लावला. २०११ पासून केंद्राच्या योजनेत काही जिल्ह्यांत आशाताई सहा रुपयांत सहा पॅड देऊ लागल्या. पुढे जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला, तेव्हा कुंकू-बांगड्यांना माफी आणि पॅडवर १२ टक्के कर! वर्षभर बायकांनी ओरड केली, तेव्हा जुलै २०१८ मध्ये तो उठला. त्याच वर्षी ८ मार्चला आपल्या राज्यात अस्मिता योजना सुरू झाली. जिल्हा परिषद शाळेतल्या ११ ते १९ वर्षांच्या मुलींना आठ पॅडचं पाकीट पाच रुपयांत, गावातल्या बायकांना २४ रुपयांत. आणि विकायचं काम बचत गटांकडे. आम्हाला या योजनेतली हीच गोष्ट मोठी वाटते. शंभर वर्षांपूर्वी दुकानदारासमोर बोलायला नको म्हणून डबा ठेवावा लागला होता. इथे समोर आपल्याच आळीतली काकू किंवा मावशी आली.

तरी शाळेत मुलगी एकटीच असते. मुली आमच्याशी बोलतात तेव्हा पैशाचं कमी आणि धास्तीचं जास्त सांगतात. मागे डाग पडला असेल म्हणून फळ्यापाशी जायला नको वाटतं. उत्तर येत असलं तरी हात वर करत नाहीत. पोट दुखतंय म्हणून घरी राहतात. पोट दुखतंही, पण खरं कारण दुसरंच असतं. ही धास्ती उगाच नाही. जुलै २०२५ मध्ये ठाणे जिल्ह्यात शहापूरला एका शाळेच्या स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले, म्हणून मुलींचे कपडे उतरवून तपासणी झाली. गुन्हा नोंदला, अटकही झाली. पण त्या पोरींनी दुसऱ्या दिवशी वर्गात बसायचं कसं?

बऱ्याच शाळांत पॅड असतात, पण कपाटात. कपाटाला कुलूप असतं आणि किल्ली अनेकदा सरांकडे. सातवीतली पोर सरांकडे जाऊन किल्ली मागेल का? ती दप्तर पाठीला लावून भिंतीच्या कडेकडेनं घरी येईल.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या जागा बायकांना दिल्या आहेत. आपल्यातल्या कितीतरी जणींची नावं त्या यादीत आहेत, सह्यासुद्धा होतात. पुढच्या सभेला जाल तेव्हा चहा येण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्या: किल्ली कुणाकडे असते, मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी आहे का, आणि वापरलेलं पॅड टाकायला झाकणाचा डबा आहे का.