उधारीची वही आणि सामाईक पोते

घराण्यांचे इतिहास लिहिले जातात, गावांचे लिहिले जातात, ज्ञातीतील कर्त्या पुरुषांची चरित्रेही अशा स्मरणिकांतून श्रद्धेने छापली जातात. परंतु ज्या खर्चाने आपल्या वाडवडिलांच्या मिळकतीचा मोठा वाटा पिढ्यान्‌पिढ्या गिळला, त्या वाणसामानाच्या खर्चाकडे इतिहास म्हणून पाहण्याची आपणांस फारशी सवय नाही. १९२३ साली मुंबई सरकारच्या मजूर कचेरीने शहरातील कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाचा अहवाल प्रसिद्ध केला, तेव्हा असे दिसून आले की, या कुटुंबांचा निम्म्याहून अधिक खर्च केवळ अन्नावर होत होता. ज्या घरात अर्ध्याहून अधिक पैसा धान्याच्या डब्यात जातो, त्या घराच्या मुलांचे शिक्षण, मुलींची लग्ने, आजारपणे आणि म्हातारपण ही सारी त्या डब्याच्या हिशेबावर अवलंबून असतात, हे सांगण्यास अर्थशास्त्री नको.

या हिशेबाचा गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांचा मागोवा घेतला असता आमच्या मते एक गोष्ट स्पष्ट होते. वाणसामानात खरी बचत झाली ती पोटाला चिमटा घेतल्याने नव्हे, आणि वाण्याशी घासाघीस केल्यानेही नव्हे. ती झाली तीन गोष्टींनी : रोखीचा व्यवहार, खरे माप आणि एकत्र खरेदी. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी एकट्या कुटुंबाला बऱ्याच अंशी साधतात. तिसरी मात्र शेजाऱ्यावर विश्वास असल्याखेरीज साधत नाही.

बेगमीचा काळ

गावाकडच्या संसाराला वाणसामान महिन्याचे नसे, वर्षाचे असे. सुगी झाली की धान्य कणगीत पडे. कोकणात पावसाळ्यापूर्वीच्या खरेदीला आगोटीची खरेदी म्हणत. मीठ, मिरची, कांदा, सुकी मासळी, सरपण हे सारे मृगाआधी घरात आलेच पाहिजे, असा दंडक होता. चैत्र-वैशाखाच्या उन्हात धान्य वाळवावे, कडधान्याला एरंडेलाचा हात द्यावा, कणगीत कडुनिंबाचा पाला घालावा, पापड-सांडगे-कुरडया करून ठेवाव्यात, हा घरोघरीचा क्रम. ज्या वेळी माल भरपूर व भाव उतरलेला, त्या वेळी घ्यावा आणि टंचाईच्या महिन्यांत बाजाराकडे पाहू नये, हे त्यामागील अर्थशास्त्र होय. ते कोणत्याही ग्रंथातून आलेले नव्हते. ते आपल्या आज्या-पणज्यांच्या अनुभवातून आले होते.

मापाच्या बाबतीत मात्र तो काळ तितकासा सुखाचा नव्हता. चिपटे, मापटे, शेर, पायली ही मापे नावाने एक असली, तरी एका पेठेची पायली दुसऱ्या पेठेच्या पायलीशी जुळेलच असा भरवसा नसे. घेताना शीग लावून घ्यावे आणि देताना हात फिरवून द्यावे, ही दुकानदारीतील जुनी युक्ती. १९५६च्या कायद्याने दशमान वजने आली आणि १९५८पासून टप्प्याटप्प्याने किलो-ग्रॅम व्यवहारात रुजले, तेव्हा प्रथमच देशभर एक माप झाले. वृद्ध मंडळींना काही वर्षे शेराचाच हिशेब सुचत असे; तथापि, गरीब गिऱ्हाइकाला या एका सुधारणेने जे दिले, ते अनेक भाषणांनी दिले नसेल.

वहीचा काळ

नोकरीधंद्यासाठी कुटुंबे शहरात आली आणि कणगी मागे राहिली. दहा बाय बाराच्या खोलीत वर्षाची बेगमी ठेवावयाची कोठे? शिवाय कापडगिरण्यांतील पगार महिन्याने, आणि तोही महिना संपल्यावर कित्येक दिवसांनी हाती पडत असे. नव्याने कामावर लागलेल्या माणसाने तो पगार हाती पडेपर्यंत खावे काय? याचे उत्तर चाळीखालच्या दुकानात मिळे. वाणी वहीत नाव घाली आणि माल देई.

त्या वाण्याला केवळ दोष देणे न्यायाचे होणार नाही. बँक ज्याला दारात उभे करीत नव्हती, त्याला त्याने केवळ तोंडओळखीवर धान्य दिले, हे उपकारच होत. परंतु या उपकाराला किंमत होती. जो उधारीवर घेतो, तो भाव विचारू शकत नाही. तांदळात खडे निघाले, तरी परत करू शकत नाही. आणि समोरच्या दुकानात माल स्वस्त असला, तरी तेथे जाऊ शकत नाही. वहीवरील नाव म्हणजे पायातील दोरीच. व्याज वेगळे लिहिलेले नसे. ते भावात, मापात आणि मालाच्या प्रतीत मिसळलेले असे, म्हणून ते कोणाला दिसतही नसे.

या दोरीची सर्वांत मोठी झळ गिरणगावात खाणावळ चालविणाऱ्या स्त्रियांना बसली. गावाकडून एकट्या आलेल्या कामगारांना महिन्याच्या बोलीवर जेवू घालणाऱ्या या बाया वाण्याकडून उधारीने शिधा आणीत, आणि खाणावळीतून जे सुटे, ते बहुतांशी त्या उधारीच्या फेडीत जाई. श्रीमती प्रेमा पुरव यांनी १९७५ साली स्थापन केलेल्या ‘अन्नपूर्णा महिला मंडळा’ने या स्त्रियांना राष्ट्रीयीकृत बँकांकडून कर्जे मिळवून दिली. स्त्रिया त्याच, चूल तीच, जेवणारेही तेच. फक्त धान्य रोखीने घेण्याची ताकद आली आणि श्रमाचा मोबदला घरात राहू लागला. रोखीचे महत्त्व सांगण्यास याहून बोलके उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

रॉचडेलचा धडा

हीच व्यथा इंग्लंडच्या कामगारांनीही भोगली होती. लँकेशायर परगण्यातील रॉचडेल या विणकरांच्या गावी दुकानदाराची उधारी, खोटी मापे आणि पिठातील भेसळ यांनी लोक जेरीस आले होते. तेथील अठ्ठावीस जणांनी वर्गणी साठवून २८ पौंडांचे भांडवल उभे केले आणि २१ डिसेंबर १८४४ रोजी टोड लेन या गल्लीत स्वतःचे दुकान उघडले. माल काय होता? थोडे लोणी, साखर, पीठ, ओटाचे पीठ आणि मेणबत्त्या. नियम मात्र पक्के होते. उधारी नाही, माल निर्भेळ, माप पुरते, विक्री बाजारभावाने, वर्षाचा नफा भांडवलावर नव्हे, तर ज्याने जेवढी खरेदी केली त्या प्रमाणात परत, आणि प्रत्येक सभासदाला एकच मत. जगभरच्या सहकारी चळवळीने हे नियम पुढे आदर्श मानले.

आपल्या देशात १९०४चा सहकारी कायदा केवळ पतपेढ्यांपुरता होता. इतर प्रकारच्या सहकारी संस्थांना मोकळी वाट १९१२च्या कायद्याने मिळाली. मद्रासच्या ट्रिप्लिकेन भागातील नागरिकांनी १९०४ सालीच ग्राहक भांडार काढून या क्षेत्रात आघाडी घेतली. मुंबईत ज्ञातिसंस्थांनीही सहकाराचा मार्ग लवकर ओळखला. १९०६ सालची शामराव विठ्ठल सहकारी संस्था आणि १९१८ सालची सारस्वत संस्था या दोन्ही पुढे नामांकित बँका झाल्या. ज्ञातीतील परस्परांची ओळख हेच त्यांचे आरंभीचे तारण होते. पतपेढीत चालणारा हा विश्वास धान्याच्या पोत्यापाशी का चालू नये, हा प्रश्न येथे सहजच उद्भवतो.

नियंत्रणे आणि भांडारे

दुसऱ्या महायुद्धात धान्य मिळेनासे झाले आणि १९४३च्या मे महिन्यात मुंबईत शिधावाटप सुरू झाले. शिधापत्रिका, माणशी ठरलेले प्रमाण आणि लांबलचक रांगा ही तेव्हापासून घरातील बोलण्याचा भाग झाली. या काळात ग्राहक भांडारे गावोगावी निघाली. १९४७च्या डिसेंबरात नियंत्रणे सैल होताच भाव भडकले, आणि १९४८ साली ती पुन्हा लादावी लागली. त्याच १९४८ साली नायगावात कामगारांचे ग्राहक भांडार निघाले. तेच पुढे ‘अपना बाजार’ म्हणून सर्वतोमुखी झाले. १९६२च्या चिनी आक्रमणानंतर भाववाढ रोखण्यासाठी केंद्र सरकारनेही ग्राहक भांडारांची योजना हाती घेतली.

परंतु येथे एक कटू सत्य नोंदविणे भाग आहे. नियंत्रणे जसजशी उठत गेली, तसतशी यांतील बरीच भांडारे मिटली. जी भांडारे केवळ सरकारी कोट्यावर उभी होती, त्यांचा पायाच निघून गेला. टंचाईत भांडारापाशी रांग लावणारा सभासद सुबत्ता येताच कोपऱ्यावरच्या दुकानी वळला. पुष्कळ ठिकाणी व्यवस्थापनाला व्यापाराचे ज्ञान नव्हते. गरजेपोटी जमलेली माणसे गरज संपताच पांगतात. सवयीने जमलेली तेवढी टिकतात.

लाटणे मोर्चानंतर

१९७२च्या दुष्काळात महाराष्ट्र होरपळला आणि महागाईने शहरातील गृहिणीचे कंबरडे मोडले. श्रीमती मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर प्रभृतींच्या नेतृत्वाखाली महागाईविरोधी आंदोलन उभे राहिले आणि हजारो स्त्रिया हाती लाटणी व थाळ्या घेऊन रस्त्यावर आल्या. स्वयंपाकघरातील हिशेब त्या दिवसांत प्रथमच राजकारणाचा विषय झाला.

त्या पाठोपाठ, १९७५च्या गुढीपाडव्यास, मुंबई ग्राहक पंचायतीचे कार्य सुरू झाले. श्री. बिंदुमाधव जोशी हे या चळवळीचे प्रणेते; ख्यातनाम संगीतकार सुधीर फडके यांचाही तीत सहभाग होता. पंचायतीने दुकान काढले नाही, हेच तिचे वैशिष्ट्य. शेजारपाजारच्या कुटुंबांनी आपला एक गट करावयाचा, महिन्याची यादी भरावयाची, पैसे आगाऊ जमा करावयाचे. सर्व गटांची मागणी एकत्र करून माल ठोक बाजारातून आणावयाचा आणि तो गटातील एका घरी उतरवून सभासदांनी आपसात वाटून घ्यावयाचा. दुकानाचे भाडे नाही, उधारी नाही, बुडीत नाही, पडून राहणारा माल नाही. जो पैसा दुकानदारीच्या खर्चात जावयाचा, तो सभासदांच्या पदरात उरला. अर्थात त्याबदली सभासदांना, आणि त्यातही मुख्यतः गृहिणींना, श्रम द्यावे लागले. बचत ही फुकट मिळत नाही. ती कोणाच्या तरी श्रमाचेच फळ असते, हे विसरता कामा नये.

आजचे गणित

आज उधारीची वही बरीचशी नाहीशी झाली आहे, आणि भव्य दुकानांतून व घरपोच सेवांतून माल हात जोडून उभा आहे. कायद्यानेही गिऱ्हाइकाची बाजू घेतली आहे. १९८६ साली ग्राहक संरक्षणाचा कायदा झाला, त्याची जागा २०१९च्या नव्या कायद्याने घेतली. बांधीव मालावर कमाल किरकोळ किंमत छापली जाते. ती कमाल आहे, ठरीव नव्हे, हे अद्यापि पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. २०२१च्या नियमदुरुस्तीने तर दर ग्रॅमला, किलोला वा लिटरला काय भाव पडतो, हेही वेष्टनावर छापणे आले. पूर्वीची शीग आता वेष्टनात शिरली आहे : पुडा तेवढाच दिसतो आणि आतील वजन घटते. त्यावर हा छापील एकेरी भाव वाचणे, हाच इलाज.

तथापि, वही गेली म्हणून उधारी गेली असे नव्हे. ती कार्डावर आणि भ्रमणध्वनीवर आली आहे. एकावर एक फुकट मिळालेली वस्तू जर यादीत नव्हतीच, तर ती स्वस्त पडली असे म्हणता येत नाही.

आता एकत्र खरेदीचे साधे गणित पाहू. समजा, एका वसाहतीत आपली वीस कुटुंबे आहेत आणि प्रत्येकास महिन्यास दीड किलो तूरडाळ लागते. वीस दीडे तीस. म्हणजे तीस किलोचे एक सबंध पोते झाले. दीड किलो घेणाऱ्याला किरकोळ भाव लागतो, पोते घेणाऱ्याला ठोक. तांदूळ, गहू, गूळ, तेल यांचेही असेच. कुटुंब एकटे असेपर्यंत ते किरकोळ गिऱ्हाईक. वीस जमली की तीच व्यापाऱ्यापुढे मोठी असामी होतात.

ज्ञातिसंस्थेची शिष्यवृत्ती, वधूवर मेळावे, गुणगौरव हे सारे उचितच आहे. परंतु चाळी पडून उंच इमारती झाल्या, दारे बंद राहू लागली, आणि शेजारणीकडे वाटीभर साखर मागण्याचीही रीत उरली नाही. अशा काळात महिन्यातून एकदा पोते फोडण्याच्या निमित्ताने वीस घरांतील माणसे एका ओसरीवर जमली, तर त्यांच्या पदरी चार पैसे पडतीलच, शिवाय एकमेकांच्या घरी कोण आजारी आहे, कोणाच्या मुलाची फी अडली आहे, हेही कळेल. शामराव विठ्ठलादी संस्था याच ओळखीच्या बळावर उभ्या राहिल्या. आणि शेजारी इतर ज्ञातींची कुटुंबे असतील, तर त्यांनाही या पोत्यात सामील करून घ्यावे. रॉचडेलच्या दुकानात कोणी कोणाची जात विचारली नव्हती.

म्हणून आमची सर्व शाखांतील बंधुभगिनींना एवढीच विनंती आहे : येत्या गुढीपाडव्यापूर्वी आपापल्या वसाहतीत दहा-वीस घरांची एक यादी करावी, एकाच जिनसापासून आरंभ करावा, पैसे आगाऊ घ्यावेत, वजन सर्वांसमोर करावे, आणि जमाखर्च भिंतीवर लावावा. वर्षभर हे चालले, तर पुढील स्मरणिकेत त्या हिशेबाला एक पान आम्ही आनंदाने राखून ठेवू.