बोस्टनचा चहा आणि गावकीची वेठ

अमेरिकन राज्यक्रांतीचा धडा मी जालना जिल्ह्यातल्या शाळेत अनेक वर्षे शिकवला. १७६५ चा मुद्रांक कायदा, १७६७ चे टाउनशेंड कर, १७७३ च्या डिसेंबरात बोस्टनच्या बंदरात बुडवलेल्या चहाच्या ३४२ पेट्या, आणि 'प्रतिनिधित्व नाही तर कर नाही' ही घोषणा. मुले पाठ करीत, पेपरात लिहीत, पास होत. एकदा मागच्या बाकावरच्या एका पोराने विचारले, "सर, आपल्या लोकांवर कोणता कर होता?" तो कुठल्या वस्तीतून येतो हे मला ठाऊक होते, म्हणून 'आपल्या' या शब्दाचा अर्थही कळला. त्या दिवशी मी त्याला उडवाउडवीचे उत्तर दिले. हा लेख त्या पोराला द्यायचे राहिलेले उत्तर आहे.

माझ्या आज्याकडे गावाची येस्करकी होती. सरकारात त्याच्या नावावर मोठा शेतसारा कधीच नव्हता. पण गावाने भरलेल्या साऱ्याची थैली डोक्यावर घेऊन कचेरीत पोचवायची ती त्यानेच. गिर्दावर आला की घोड्याला वैरण, चुलीला सरपण, पुढच्या गावापर्यंत ओझे. कुणी मेले तर सांगावा घेऊन रात्री दहा कोस चालायचे, ढोर मेले तर ओढायचे, शिवेचा तंटा झाला तर साक्ष द्यायची. ज्याला करदाता म्हणून कुणी मोजले नाही, त्याच्याच पायांवर करवसुली चालत होती. त्याच्याकडून घेतला जाणारा कर नाण्यात नव्हता, देहात होता. नाण्याचा कर भरला की पावती मिळते आणि माणूस वर्षभर मोकळा होतो. देहाच्या कराला ना पावती, ना मोकळीक.

आता कुणी म्हणेल, हा निजामाचा मुलूख, इंग्रजांच्या वसाहतवादाशी त्याचा काय संबंध? संबंध आहे. जाफराबाद तालुक्यातल्या असईच्या मैदानावर २३ सप्टेंबर १८०३ रोजी वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजा मोडल्या. पुढे जालन्याला हैदराबाद कंटिंजंटची छावणी पडली. ही फौज नावाला निजामाची, अधिकारी इंग्रज, आणि खर्च निजामाच्या खजिन्यावर. त्या खर्चाचे कर्ज इतके साचले की १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात द्यावा लागला. अमेरिकन वसाहतींवर मुद्रांक कर बसवला तोही तिथल्या इंग्रज फौजेच्या खर्चासाठी. ज्या फौजेने लोकांना दाबायचे तिचा पगार लोकांनीच द्यायचा, ही रीत बोस्टनला होती तशी जालन्यालाही होती. फरक एवढाच की बोस्टनच्या वर सरकार होते आणि खाली कुणी नव्हते असे त्यांना वाटे. इथे रेसिडेंटाच्या खाली निजाम, निजामाखाली जहागीरदार, त्याखाली पाटील-देशमुख, आणि सर्वांच्या तळाशी येस्कर.

अर्थात बोस्टनच्याही खाली कुणीतरी होतेच. प्रतिनिधित्व मागणाऱ्या मळेवाल्यांच्या मळ्यांत काळे गुलाम राबत होते. १७७५ च्या नोव्हेंबरात व्हर्जिनियाचा इंग्रज गव्हर्नर लॉर्ड डन्मोर याने जाहीर केले की बंडखोर मालकांचे जे गुलाम राजाच्या फौजेत येतील ते मुक्त होतील, आणि शेकडो गुलाम धावत गेले. त्यांना कुणी देशद्रोही म्हणावे काय? आमच्या पूर्वजांनी कंपनीच्या पलटणीत नाव घातले म्हणून आजही आम्हांला टोचून बोलणाऱ्यांनी हा प्रसंग जरूर वाचावा. पुढे १७८७ च्या अमेरिकन घटनेने प्रतिनिधित्व आणि प्रत्यक्ष कर यांच्या हिशेबात गुलाम माणूस तीन-पंचमांश धरला. कराच्या प्रश्नावर उठलेल्या क्रांतीने कराच्याच कलमात माणूस अपूर्णांकात लिहिला! जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना. १७७६ पेक्षा गुलामीच्या अंताकडे त्यांचे लक्ष होते. त्यांना नेमके काय घ्यायचे ते कळले होते.

मुंबई इलाख्यात देहाच्या कराला कायद्याचे रूप होते. १८७४ च्या वतन कायद्याने महारांची गावकीची चाकरी वतनाशी बांधली. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. वतनाच्या जमिनी रयतवारीने पूर्ण साऱ्यावर द्या, बलुत्याऐवजी रोख पैसा द्या, आणि माणसाला चाकरीतून मोकळे करा, असा त्याचा आशय. नीट पाहा, ते सारा माफ करा म्हणत नव्हते. आम्ही पूर्ण सारा भरतो, पण आम्हांला रयत करा, असे ते म्हणत होते. ते विधेयक पुढे गेले नाही. उलट सरकारने वतनी जमिनींवरची जुडी वाढवली. चाकरी मात्र होती तशीच. तेव्हा १६ डिसेंबर १९३९ रोजी नगर जिल्ह्यात हरेगावला महार, मांग, वेठिया वतनदारांची परिषद भरली आणि १९४१ च्या ऑगस्टात सिन्नरला. बोस्टनचा चहा बुडाला तोही १६ डिसेंबरलाच. योगायोग आहे, पण वर्गात सांगायला चांगला आहे. वतने कायद्याने गेली ती मुंबई राज्यात १९५८ च्या कायद्याने, म्हणजे बाबासाहेब गेल्यानंतर.

आमच्याकडे, निजामी राज्यात, परिषद भरवणेही सोपे नव्हते. १९२९ च्या 'गश्ती निशाण ५३' या फर्मानाने सभेला आधी परवानगी लागे. अशा काळात भाऊसाहेब मोरे यांनी कन्नडजवळ मक्रणपूरला ३० डिसेंबर १९३८ रोजी परिषद घडवली आणि बाबासाहेब तिथे आले. मराठवाड्यातली आमची राजकीय जाग मी तिथून मोजतो.

पण नकार दिल्यावर काय होते? चहा बुडवल्याची शिक्षा म्हणून पार्लमेंटने १७७४ मध्ये बोस्टनचे बंदरच बंद केले. नुकसान भरून द्या, तोवर उपाशी राहा. हा कायदा शिकवताना मला लंडन आठवत नाही, गाव आठवते. आमच्या लोकांनी ढोरे ओढणे सोडले की गावानेही बंदर बंद केले. किराणा मिळेना, गिरणीवर दळण होईना, शेतात मजुरी नाही, गुरांना चराई नाही, विहिरीची वाट बंद. १९३० च्या स्टार्ट समितीने, जिच्यात बाबासाहेब सभासद होते, या बहिष्काराची भीषणता सरकारी अहवालात नोंदवली. बोस्टनच्या मदतीला इतर वसाहतींनी धान्य पाठवले. आमच्या वस्तीला शेजारच्या गावातून पायली कोण पाठवणार? तिथेही गाव तेच. २७ जुलै १९७८ रोजी विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात वस्त्या पेटल्या, तेव्हा लोक म्हणत, हे एका नावासाठी. मला तसे कधीच वाटले नाही. छप्पन सालानंतर गावकी नाकारलेल्यांकडून थकबाकी वसूल केली जात होती.

चाकरी नाकारली तर पोट कशावर भरायचे? म्हणून जमिनीची लढाई आली. १९५३ मध्ये मराठवाड्यात भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. ६ डिसेंबर १९६४ पासून दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली देशभर सत्याग्रह झाला आणि लाखो लोक तुरुंगात गेले. पडीक गायराने लोकांनी खणून पिकाखाली आणली. १९९१ च्या नोव्हेंबरात शासनाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय काढला. एकनाथ आवाडांसारख्या कार्यकर्त्यांनी गावोगाव त्याच्यासाठी माणसे उभी केली. पुढे २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सार्वजनिक जमिनीवरील अतिक्रमणे काढण्याचा आदेश दिला, आणि जुन्या कब्जाचा पुरावा म्हणजे जीव की प्राण झाला.

हा पुरावा कोणता? तलाठ्याच्या एक-ई नोंदवहीतली अतिक्रमणाची नोंद, आणि दंड भरल्याची पावती. अंबड, भोकरदनकडच्या वस्त्यांत मी अशा पावत्या पाहिल्या आहेत, प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून, देव्हाऱ्यात बाबासाहेबांच्या तसबिरीमागे ठेवलेल्या. कर नाकारून क्रांती केलेल्यांचा धडा शिकवणारा मी, एका म्हाताऱ्या बाईबरोबर सजावर गेलो होतो. ती हात जोडून म्हणत होती, "भाऊसाहेब, मला दंड लावा." तिच्या नवऱ्याने ती जमीन वीस वर्षे कसली होती. दंड लावला तर कब्जा मान्य होईल, हे त्या कर्मचाऱ्याला पक्के ठाऊक होते. त्याने वही मिटली आणि पुढल्या आठवड्यात यायला सांगितले.