आभासी वास्तवाची उपकरणे आणि विद्युत अभियांत्रिकीतील शाखानिवड : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

वसई तालुक्यातील वटारसारख्या गावातून अभियांत्रिकी शिक्षण घेऊ पाहणाऱ्यास पूर्वी मुंबईची वाट धरावी लागे. १८८७ साली स्थापन झालेली व्हीजेटीआय ही तेथील जुनी संस्था होय. १९९४ मध्ये वसईतच विद्यावर्धिनीचे अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले आणि अंतराचा प्रश्न बराचसा सुटला. शाखानिवडीचा प्रश्न मात्र कायम राहिला. आभासी वास्तवाची, म्हणजेच व्हर्च्युअल रिॲलिटीची उपकरणे घडवू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यास विद्युत अभियांत्रिकीतील कोणते विशेषीकरण सुचवावे, याचे उत्तर प्रस्तुत लेखात या उपकरणांच्या इतिहासातून शोधले आहे.

१९६८ मध्ये इव्हान सदरलँड यांनी अमेरिकेत डोक्यावर धारण करावयाचे प्रदर्शनयंत्र सादर केले. त्यात दोन छोट्या कॅथोड किरण नलिका होत्या आणि डोक्याची हालचाल मोजण्यासाठी छताला जोडलेला यांत्रिक दांडा होता. पुढे २०१२ मधील ऑक्युलस रिफ्टला मोबाइल फोनसाठी विकसित झालेले पडदे व सूक्ष्म गतिसंवेदक उपयोगी पडले. २०१९ च्या ऑक्युलस क्वेस्टमध्ये कॅमेरे, प्रोसेसर व बॅटरी एकाच उपकरणात सामावली. २०२० मध्ये रिलायन्स जिओने मिश्र वास्तवाचा ७५ ग्रॅम वजनाचा जिओ ग्लास सादर केला. त्याचे काम तारेने जोडलेल्या फोनच्या आधारे चाले. २०२४ च्या ॲपल व्हिजन प्रोमध्ये संवेदकांच्या माहितीसाठी स्वतंत्र आर१ चिप आली, परंतु बॅटरी तारेने बाहेरच राहिली.

या क्रमातून एक सूत्र स्पष्ट होते. पडदे बदलले, संवेदक बदलले. विलंबाची मूळ अडचण मात्र टिकून राहिली. मान वळल्यापासून सुमारे २० मिलिसेकंदांत दृश्य बदलले नाही, तर वापरणाऱ्यास मळमळ होऊ शकते. संवेदक, संकेतप्रक्रिया, प्रोसेसर आणि पडदा या साखळीतील प्रत्येक कडी हा विलंब वाढवू शकते.

म्हणून एम्बेडेड सिस्टिम्स व संकेतप्रक्रिया हा अशा विद्यार्थ्याच्या अभ्यासाचा गाभा असावा. इलेक्ट्रॉनिक्स अथवा इलेक्ट्रॉनिक्स आणि दूरसंचार शाखेतून त्याकडे जाता येते. बॅटरी व उष्णतेच्या प्रश्नांत रस असल्यास पॉवर इलेक्ट्रॉनिक्सची जोड द्यावी. भिंगांच्या रचनेसाठी भौतिकशास्त्रातील प्रकाशशास्त्र आवश्यक ठरते.

चार वर्षांच्या पदवीकाळात बाजारातील उपकरण बदलून जाते. यास्तव प्राध्यापकांनी मार्गदर्शन करताना शाखेच्या आकर्षक नावापेक्षा तिच्या अभ्यासक्रमातील विषय व प्रयोगशाळा यांकडे लक्ष वेधावे. सामान्य कुटुंबातील विद्यार्थ्यास चुकीच्या निवडीनंतर दुसरी संधी सहसा मिळत नाही.