घरची शाळा व मराठी ख्रिस्ती वाङ्मय

मुलें चौदापंधरा वर्षांचीं झालीं, म्हणजे त्यांच्या हातीं कोणते ग्रंथ द्यावे हा प्रश्न विचारी आईबापांपुढें उभा राहतो. शाळेंत जाणाऱ्या मुलांपुरतें त्याचें उत्तर क्रमिक पुस्तकें देऊन टाकतात. परंतु जें कुटुंब मुलांस घरींच शिकवूं इच्छितें, त्यास तें स्वतः शोधावें लागतें. मराठी ख्रिस्ती कुटुंबाची अडचण तर दुहेरी. परदेशांतून आयते येणारे अभ्यासक्रम घ्यावे, तर त्यांत डांटे व मिल्टन यांस मानाचें पान असतें. पण ज्या भाषेंत घरची प्रार्थना होते, तिचें नांवही नसतें. हा प्रश्न आपल्याकडे नवा नाहीं. त्याचा पुष्कळसा इतिहास दौंड तालुक्यांतील केडगांवीं सांपडतो.

केडगांवच्या मुक्तिसदनाच्या संस्थापिका पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) या स्वतः घरच्याच शाळेंत शिकलेल्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं लोकनिंदा सोसून पत्नीस संस्कृत शिकविलें. पुढें ते वृद्ध झाल्यावर त्या माउलीनें आठव्या वर्षापासून मुलीस पाठ देण्यास आरंभ केला. कुटुंब तीर्थयात्रेंत फिरत असे. तेव्हां या शाळेस ना इमारत, ना घंटा, ना फळा. भागवतासारखा प्रचंड ग्रंथ मुखोद्गत करणें हाच अभ्यासक्रम. १८७४ च्या सुमारास दुष्काळानें आईबाप गेले; पण त्या विद्येच्या बळावर १८७८ सालीं कलकत्त्याच्या पंडितांनीं या तरुणीस ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या.

१८८३ सालीं इंग्लंडांत त्यांनीं ख्रिस्ती दीक्षा घेतली. पुढें १८८९ सालीं मुंबईस शारदासदन निघालें, आणि १८९६-९७ च्या दुष्काळांत निराश्रित मुलींस केडगांवीं आसरा मिळाला. या मुलींना वाचावयास काय द्यावें? चालू मराठी बायबलची भाषा रमाबाईंस संस्कृतप्रचुर व सामान्य स्त्रियांस दुर्बोध वाटे. म्हणून त्यांनीं हिब्रू व ग्रीक या भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबलचें भाषांतर हातीं घेतलें. छपाई मुक्तीच्याच छापखान्यांत; खिळे जुळविणाऱ्याही तेथल्याच बायका. काम हातावेगळें होतें न होतें तोंच, ५ एप्रिल १९२२ रोजीं, रमाबाईंनीं देह ठेविला. ग्रंथ १९२४ सालीं बाहेर पडला. जिला भागवत पाठ होतें, तिनेंच आपल्या मुलींच्या ग्रंथांतून संस्कृताचा डौल बुद्धिपुरस्सर वगळला, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

याच्या उलट मार्ग तीनशें वर्षांपूर्वीं फादर स्टीफन्स यांनीं धरिला होता. हा इंग्रज जेसुइट १५७९ सालीं गोव्यास आला. नवख्रिस्ती लोकांचीं जुनीं पुराणें सुटलीं होतीं. त्यांची जागा भरून काढावी म्हणून त्यानें सुमारें अकरा हजार ओव्यांचें ‘ख्रिस्तपुराण’ रचिलें. तें १६१६ सालीं राचोलीस रोमन लिपींत छापलें गेलें. विषय बायबलचा, परंतु छंद व थाट आपल्या संतकवींचा. नागरी लिपींतील आवृत्ति मात्र पुण्यास १९५६ सालीं निघाली. तोंपर्यंत देशावरील सामान्य वाचकास हा ग्रंथ जवळजवळ बंदच होता.

दोहोंच्या मधली वाट शिरूरच्या बाजूस आढळते. पुणें-नगर रस्त्यावरील या गांवीं अमेरिकन मराठी मिशनचें ठाणें होतें. त्याच मिशननें नगरास १८४२ सालीं ‘ज्ञानोदय’ पत्र सुरू केलें. पुढें त्याचे मराठी संपादक झालेले रेव्हरंड ना. वा. टिळक, आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलों, असें म्हणत. त्यांचें अपुरें राहिलेलें ‘ख्रिस्तायन’ पत्नी लक्ष्मीबाईंनीं पुरें केलें. तें १९३८ सालीं प्रसिद्ध झालें. लक्ष्मीबाईंचें शिक्षणही घरचेंच. तरी त्यांच्या ‘स्मृतिचित्रें’ची भाषा कोणत्याही पदवीधरास हेवा वाटावा अशी आहे.

आतां निवड कशी करावी? आमच्या मतें आरंभ ‘स्मृतिचित्रें’नीं करावा, त्यांतील विनोद व दुःख चौदा वर्षांच्या मुलास सहज भिडतें. नंतर रमाबाईंच्या बायबलांतील निवडक भाग चालू भाषांतराशीं ताडून वाचावे; एका शब्दासाठीं भाषांतरकर्त्यास किती झगडावें लागतें, हें त्यावरून कळेल. शेवटीं ‘ख्रिस्तपुराण’ घ्यावें, पण ज्ञानेश्वरी व तुकोबांची गाथा शेजारीं ठेवून. नाहीं तर स्टीफन्सची ओवी कोठून आली हें उमगावयाचें नाहीं. संतांचे ग्रंथ घरांत आणल्यानें मुलांची श्रद्धा ढळेल अशी भीति कोणी बाळगतात. टिळकांचें उदाहरण त्यांस पुरेसें उत्तर आहे.

रमाबाईंनीं वगळलें तें जाणून वगळलें. तो अधिकार त्यांस भागवताच्या पाठांतरानें आला होता. आपल्या मुलांसही पुढें घ्यावें कीं टाकावें हें ठरवावयाचें असेल, तर तत्पूर्वीं त्यांना तें वाचावयास मिळालें पाहिजे. घरच्या शाळेनें एवढें केलें तरी पुष्कळ झालें.